धुळीचा हिशेब

मुंबईत हमरस्त्याला लागून असलेल्या एखाद्या इमारतीत, दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या गृहिणीला हवेबद्दल विचारून पाहा. ती आकडा सांगणार नाही, फडके दाखवील. सकाळी स्वच्छ पुसलेल्या खिडकीच्या कट्ट्यावर संध्याकाळी बोट फिरवले की काळपट थर हाताला लागतो. देवघरातल्या तसबिरींच्या काचा धुरकटतात आणि पंख्याच्या पात्यांना काजळीची किनार येते. लोकलच्या गर्दीतून घरी आलेला माणूस तोंड धुऊन पंचाला पुसतो आणि पंचावर उमटलेला ठसा पाहून ‘काय ही हवा!’ म्हणतो. शर्टाची कॉलर, रुमाल, दोरीवरचे कपडे ही घरोघरची प्रदूषणमापन यंत्रेच आहेत.

शास्त्रज्ञांनीही सुरुवात काहीशी अशीच केली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी ब्रिटनमधल्या शहरांत उघड्यावर एक मोठे नरसाळे आणि त्याखाली बाटली ठेवत. महिनाभरात त्यात जी राख, काजळी आणि धूळ पडेल ती पावसाच्या पाण्यासकट गोळा करायची, वाळवायची आणि तिचे वजन करायचे. म्हणजे फडक्याचाच हिशेब, फक्त तराजूवर मांडलेला.

पण या मापात एक गोम आहे. कट्ट्यावर जी धूळ बसते ती बसण्याइतकी जड असते म्हणून बसते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि आपल्या डोक्याचा केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो. पाण्याइतक्या घनतेचा दहा मायक्रॉनचा कण घराच्या छतापासून निघाला, तर स्थिर हवेत पंधरा-वीस मिनिटांत जमिनीवर येतो. एक मायक्रॉनच्या कणाला तेच अंतर कापायला जवळजवळ एक दिवस लागतो. आणि घरातली हवा स्थिर कुठे असते? पंखा चालू असतो, मुले पळत असतात, दारे उघडतात, मिटतात. असा कण खाली बसतच नाही. तो तरंगत राहतो आणि आपण त्याला श्वासाबरोबर आत घेतो. नाकातले केस आणि घशातला ओलावा मोठ्या कणांना अडवतात, शिंक आणि खोकला त्यांना बाहेर काढतात. अडीच मायक्रॉनच्या आतले कण मात्र फुप्फुसाच्या टोकाशी असलेल्या वायुकोशांपर्यंत जातात आणि त्यांतले अगदी बारीक रक्तातही उतरतात. फडक्याला लागते ती धूळ घर घाण करते, फडक्याला न लागणारी माणसाला आजारी पाडते. आज मोबाइलवर रोज हवेचा आकडा झळकतो, त्यावरून घराघरांत चर्चा होते, मुलांना मैदानावर पाठवायचे की नाही ते ठरते. तो आकडा नेमका कशाचा, कुठला आणि कधीचा, हे विचारायचे कारण या एका फरकात आहे.

हवा मोजण्याचा इतिहास हा माप बदलत जाण्याचा इतिहास आहे, आणि गंमत अशी की दर वेळी माप बदलले की आरोपीही बदलला. सर्वांत जुने माप म्हणजे डोळा. मॅक्सिमिलियन रिंगेलमान या फ्रेंच प्राध्यापकाने १८८८ साली एक साधा तक्ता काढला. पांढऱ्या कागदावर कमी-अधिक दाट काळ्या रेघांच्या जाळ्या होत्या. तक्ता लांब धरायचा, चिमणीच्या धुराशी ताडून पाहायचा आणि धूर कितव्या क्रमांकाचा ते सांगायचे. या मापाने गुन्हेगार कोण ठरणार? अर्थातच चिमणी. आपल्याकडे १९१२ साली मुंबई इलाख्यात धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा झाला, त्याचीही नजर चिमण्या आणि भट्ट्यांवर होती. गिरणगावात तेव्हा चिमण्यांचे जंगल होते, त्यामुळे ते चूक होते असे कोणी म्हणणार नाही. पण न दिसणारा धूर या कायद्याच्या लेखी नव्हताच.

पुढची पायरी कागदाची. नागपूरच्या ‘नीरी’ या राष्ट्रीय संस्थेने १९७८ च्या सुमारास देशातल्या प्रमुख शहरांत हवेची नियमित मोजणी सुरू केली आणि १९८४ पासून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशव्यापी जाळे विणायला घेतले. या सगळ्यांचा आधार होता ‘हाय व्हॉल्यूम सॅम्पलर’ नावाचे एक यंत्र. उतरते छप्पर असलेली पत्र्याची पेटी, आत घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरसारखी हवा ओढणारी मोटर आणि छपराखाली साध्या वहीच्या पानाएवढा काचतंतूंचा पांढरा कागद. यंत्र मिनिटाला एक घनमीटरहून थोडी अधिक हवा या कागदातून खेचते. आठ तासांत पाचशेच्या वर घनमीटर हवा गाळली जाते आणि पांढरा कागद राखाडी होतो, कधी चक्क काळा.

हे काम वाटते तितके सोपे नाही. कागद आधी ठराविक कोरडेपणात ठेवायचा, तोलायचा, पाकिटात घालून गच्चीवर न्यायचा, चिमट्याने बसवायचा. आठ तासांनी काढून दुसरा लावायचा, पुन्हा आठ तासांनी तिसरा. प्रयोगशाळेत आणून परत कोरडा करून तोलायचा. कागदाचे स्वतःचे वजन तीन-चार ग्रॅम आणि त्यावर जमलेली धूळ ग्रॅमचा जेमतेम दहावा भाग. कागदाचा कोपरा जाळीला चिकटून फाटला, मध्येच वीज गेली, मोटरचे कार्बन ब्रश झिजले की दिवस वाया. शिवाय हे यंत्र कर्कश आवाज करते, त्यामुळे आपल्या गच्चीवर ते ठेवून घ्यायला लोक सहजासहजी राजी होत नाहीत. राष्ट्रीय कार्यक्रमात अशी मोजणी आठवड्यातून दोनदा, वर्षाला १०४ दिवस करायची असते. उरलेल्या २६१ दिवसांबद्दल आकडा गप्प. या खटाटोपाला कधी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण आपल्या शहरांच्या हवेविषयी १९८० आणि १९९० च्या दशकांतले जे काही ठामपणे सांगता येते, ते या गच्च्या चढणाऱ्या माणसांच्या जिवावर.

मुंबईच्या बाबतीत डॉक्टरांनीही आपला वाटा उचलला. केईएम रुग्णालयाचे डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस लालबाग, चेंबूर आणि खार इथल्या हजारो रहिवाशांची तपासणी केली आणि तुलनेसाठी ग्रामीण भागातली माणसेही घेतली. अधिक प्रदूषित भागांत खोकला, धाप, वरचेवर होणारी सर्दी यांचे प्रमाण जास्त आढळले. त्या काळी भर होता तो गिरण्या, रिफायनऱ्या आणि खतकारखान्यांतून येणाऱ्या सल्फर डायऑक्साइडवर. चेंबूरला लोक ‘गॅस चेंबर’ म्हणत. पुढे इंधनातले गंधक घटले, गिरण्या बंद पडल्या आणि हा वायू मुंबईत पुष्कळ कमी झाला. चिमण्या गेल्या, आता हवा सुधारली असे वाटण्याचा तो काळ. धूळ मात्र तिथेच होती.

कागदावर जमलेल्या त्या सरसकट धुळीला एसपीएम म्हणजे ‘तरंगते कण’ म्हणत. त्यात सगळे एकाच पोत्यात असत: रस्त्याची माती, सिमेंट, समुद्राचे मीठ, फुलांचे परागकण, डिझेलची काजळी. आणि इथे वजन हे माप आपल्याला फसवते. दहा मायक्रॉनचा एक कण अडीच मायक्रॉनच्या ६४ कणांएवढा भरतो आणि एक मायक्रॉनच्या हजार कणांएवढा. व्यासाचा घन केला की झाले, शाळेतले गणित आहे. मातीचा एक मोठा कण तराजूवर बसला की काजळीच्या हजार कणांना तो एकटा भारी पडतो. पण त्या ६४ बारीक कणांचा एकूण पृष्ठभाग एका मोठ्या कणाच्या चौपट असतो, म्हणजे विषारी द्रव्ये चिकटवून आत न्यायला चौपट जागा. वजनाने मोजाल तर दोषी ठरेल माती. जीव घेणारा बारीक धूर त्या मातीच्या आड सुखाने लपून राहील.

हे शंकेपलीकडे सिद्ध व्हायला माणसे मोजावी लागली. हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या सहा शहरांतल्या आठ हजारांवर प्रौढांवर चौदा ते सोळा वर्षे लक्ष ठेवले आणि १९९३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. धूम्रपान, वजन, शिक्षण, व्यवसाय हे सगळे हिशेबात घेऊनही सर्वांत प्रदूषित शहरात मृत्यूचे प्रमाण सर्वांत स्वच्छ शहरापेक्षा सुमारे २६ टक्क्यांनी अधिक होते, आणि हा फरक सर्वांत जवळून जुळत होता तो बारीक कणांशी. ही शहरे आपल्या मानाने स्वच्छच म्हणावीत अशी होती, हे विशेष. अमेरिकेने १९८७ मध्ये सरसकट धूळ सोडून दहा मायक्रॉनच्या आतल्या कणांचे म्हणजे पीएम १० चे माप धरले होते. १९९७ मध्ये तिने अडीच मायक्रॉनची म्हणजे पीएम २.५ ची मर्यादाही घातली. त्यावर उद्योगांनी केवढा गदारोळ केला! माप बदलणे म्हणजे कोणाच्या तरी दारात पोलीस उभा करणे असते.

आपल्याकडे १९९४ च्या मानकांत एसपीएमच्या जोडीला श्वसनातून आत जाणारी धूळ आली. तरीही त्या वेळी वस्तीच्या भागासाठी चोवीस तासांची मर्यादा २०० मायक्रोग्रॅम आणि औद्योगिक भागासाठी ५०० अशी वेगवेगळी होती. जणू कारखान्याशेजारच्या माणसाची फुप्फुसे वेगळ्या मातीची! नोव्हेंबर २००९ मध्ये जी नवी मानके आली त्यांनी हा भेद मोडला आणि पीएम २.५ ला जागा दिली: वर्षाची सरासरी घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम, दिवसाची ६०. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सुचवलेले आकडे यापेक्षा बरेच खाली आहेत, वर्षाला ५ आणि दिवसाला १५. आपल्या आणि त्यांच्या वार्षिक आकड्यांत आठपट अंतर आहे. ते विज्ञानातल्या मतभेदाचे नाही. आपल्याला काय जमेल असे सरकारला वाटते, त्याचे आहे.

हे आकडे किती सूक्ष्म आहेत ते स्वयंपाकघरातल्या मापाने पाहू. पीएम २.५ मोजणारे यंत्र तासाला एक घनमीटर हवा ओढते आणि वरच्या खुबीदार नळीत जड कण गाळून बारीक तेवढे एका लहानशा गोल पापुद्र्यावर पकडते. दिवसभराची सरासरी ६० असली, म्हणजे मर्यादेच्या काठावर, तर चोवीस तासांत त्या पापुद्र्यावर जमा होते जवळजवळ दीड मिलिग्रॅम. खसखशीचे चार-पाच दाणे! इतक्याशा वजनाच्या फरकावर शहराची हवा उत्तीर्ण की अनुत्तीर्ण ते ठरते. तोलणाऱ्याच्या बोटाचा घाम, खोलीतली दमट हवा, एवढेही पुरते निकाल फिरवायला. म्हणून तराजूच्या खोलीचे तापमान आणि आर्द्रता बांधून ठेवावी लागते. आणि दुसरा हिशेब. माणूस दिवसाला साधारण अकरा घनमीटर हवा श्वासात घेतो असे धरले, तर वर्षभर ४० च्या सरासरीत राहून तो आत ओढेल सुमारे १६० मिलिग्रॅम बारीक धूळ. आमटीत आपण चिमूटभर मीठ टाकतो, त्याहूनही कमी. एवढ्याशा ऐवजावर हृदयविकार, पक्षाघात, दमा, कर्करोग यांची गणिते बदलतात हे पटायला कठीण आहे खरे. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१३ मध्ये या कणांना माणसात निःसंशय कर्करोग करणाऱ्यांच्या यादीत घातले, ते पुरावे पाहूनच.

आता कागद तोलत बसण्याची वाट पाहावी लागत नाही. स्वयंचलित केंद्रांत एक फीत सरकत असते. तिच्यावर तासाची धूळ साठते आणि पलीकडून सोडलेले बीटा किरण त्या धुळीत किती अडले यावरून वजन काढले जाते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘सफर’ हा प्रकल्प २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी दिल्लीत सुरू केला, २०१३ मध्ये तो पुण्यात आणि २०१५ मध्ये मुंबईत आला. त्यातून नुसती मोजणी नाही, पुढच्या दिवसांचा अंदाजही मिळू लागला. एप्रिल २०१५ मध्ये राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांक आला आणि सामान्य माणसाच्या हातात एक आकडा व एक रंग पडला.

या निर्देशांकाची रचना समजून घेण्याजोगी आहे. आठ प्रदूषकांचे आठ उपनिर्देशांक काढतात आणि त्यांतला जो सर्वांत वाईट तो त्या दिवसाचा निर्देशांक. सरासरी काढत नाहीत, आणि ते योग्यच आहे. सात विषयांत पास होऊन आठव्यात नापास झालेल्याला आपण पास म्हणत नाही. आपल्याकडे हा सर्वांत वाईट विषय बहुतेक वेळा धूळ असतो. पण कुठली धूळ, पीएम १० की पीएम २.५, ते मोठा आकडा सांगत नाही. ते त्याखालच्या बारीक अक्षरांत पाहावे लागते. दुसरे असे, की धुळीसाठी तो चोवीस तासांची सरासरी सांगतो. सकाळी सातला फिरायला निघताना तुम्ही पाहता तो आकडा बराचसा कालचा असतो. तिसरे म्हणजे तो ५०० वर थांबतो. आणि चौथी गोष्ट सर्वांत गोंधळाची. हवेत पीएम २.५ साठ असेल तर भारतीय निर्देशांक १०० म्हणजे ‘समाधानकारक’ सांगतो, तर अमेरिकन पद्धतीचा निर्देशांक त्याच हवेला दीडशेच्या वर गुण देऊन ‘अपायकारक’ ठरवतो. मोबाइलवरची परदेशी ॲप बरेचदा अमेरिकन पट्टी वापरतात. नवरा एक आकडा वाचतो, बायको दुसरा आणि दोघेही बरोबर असतात! भांडण मिटवायचे तर दोघांनीही निर्देशांक सोडून खालचा मायक्रोग्रॅमचा आकडा वाचावा.

नुसता आकडा जाहीर झाल्याने काय होते, याचा धडा बीजिंगने दिला. तिथल्या अमेरिकन वकिलातीने २००८ मध्ये आपल्या छपरावर पीएम २.५ चे यंत्र बसवून दर तासाला आकडा ट्विटरवर टाकायला सुरुवात केली. चीन सरकार तेव्हा पीएम १० जाहीर करी. त्यामुळे सरकारी पाटीवर हवा बरी आणि वकिलातीच्या पाटीवर भयंकर, असे वारंवार होई. हा आमच्या कारभारात हस्तक्षेप आहे, एका यंत्रावरून शहराची परीक्षा कशी करता, असा चिनी अधिकाऱ्यांचा आक्षेप होता. त्यातला दुसरा मुद्दा तांत्रिकदृष्ट्या चूकही नव्हता. पण लोकांना खिडकीतून दिसत होते ते वकिलातीच्या आकड्याशी जुळत होते. २०१२ मध्ये चीनने पीएम २.५ ला मानकांत घेतले आणि जानेवारी २०१३ पासून ७४ शहरांचे आकडे जाहीर करायला सुरुवात केली. त्याच महिन्यात, १२ तारखेला, वकिलातीच्या यंत्राने ५०० वर संपणाऱ्या पट्टीवर ७५५ दाखवले. पुढे कोळसा, कारखाने, वाहने यांवर जी कडक कारवाई झाली तिचा परिणाम आकड्यांतच पाहावा: बीजिंगची पीएम २.५ ची वार्षिक सरासरी २०१३ मध्ये ८९.५ होती, २०२१ मध्ये ३३ झाली. एका छपरावरच्या यंत्राने हे घडवले असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पण त्या यंत्राने लोकांच्या तोंडी पीएम २.५ हा शब्द घातला हे नक्की. मुंबईसह आपल्या काही शहरांतल्या अमेरिकन कचेऱ्याही असे आकडे देत असत. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने जगभरातली ही सेवाच थांबवली. आपले स्वतःचे माप असलेले बरे.

ते माप ठेवायचे कुठे? नियम सांगतात, यंत्राचे तोंड जमिनीपासून तीन ते दहा मीटर उंच असावे, झाडे व उंच भिंती यांच्यापासून दूर, एखाद्या चुलीच्या वा चिमणीच्या थेट तोंडाशी नसावे. हेतू हा, की केंद्राने परिसराची हवा सांगावी. पण झपाट्याने वाढणाऱ्या शहरात परिसरच केंद्राला सोडून पुढे जातो. राष्ट्रीय कार्यक्रमात ‘नीरी’ची मुंबईतली केंद्रे वर्षानुवर्षे तीन होती: काळबादेवी, परळ आणि वरळी. तिन्ही जुन्या बेट-शहरातली. महापालिकेची केंद्रे वेगळी होती, पण देशाच्या तक्त्यात मुंबई म्हणून दिसायची ती ही. १९८१ च्या जनगणनेत या बेट-शहराची वस्ती सुमारे ३३ लाख होती, २०११ मध्ये ती ३१ लाखांच्या खाली आली. याच तीस वर्षांत उपनगरांची वस्ती पन्नास लाखांच्या आतून साडेत्र्याण्णव लाखांवर गेली. माणसे बोरिवली, मालाड, कुर्ला, गोवंडीला गेली आणि पुढे ठाणे, वसई-विरार, कल्याण-डोंबिवलीला पसरली. तीन केंद्रे मात्र काळबादेवी, परळ आणि वरळीचीच हवा मोजत राहिली. आता मुंबईत स्वयंचलित केंद्रांची संख्या पंचवीस-तीसच्या घरात गेली आहे. तरीही हिशेब करा, एका केंद्राच्या वाट्याला चार लाखांहून अधिक माणसे येतात. आणि ज्या नव्या वसाहतींत एकाच वेळी दहा टॉवर उभे राहत असतात, आरएमसीचे ट्रक रात्रंदिवस धावत असतात, तिथे वस्ती आधी पोहोचते आणि यंत्र फार मागाहून.

समुद्र आपल्याला वाचवतो, ही मुंबईकरांची जुनी समजूत. ती निराधार नाही. दिवसा समुद्रावरून येणारा वारा धूळ आत ढकलून पांगवतो. पण थंडीत रात्री वारा जमिनीकडून वाहतो, मंद असतो, हवेचा थर जमिनीलगत दबतो आणि शहर आपल्याच धुरात झोपते. २०२२-२३ च्या हिवाळ्यात वारे रेंगाळले आणि काही दिवस मुंबईचा निर्देशांक दिल्लीच्याही वर गेला, तेव्हा ही समजूत एकदम डळमळली. ऑक्टोबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि महापालिकेने बांधकामांसाठी नियम काढले. उंच इमारतींभोवती ३५ फुटांचे पत्रे, हिरवे कापड, पाण्याचे फवारे, जागेवर धूळ मोजणारी यंत्रे. रस्ते धुण्याचे टँकर फिरू लागले, तोफेसारखी दिसणारी फवारणी यंत्रे चौकात उभी राहिली आणि वर्तमानपत्रांना छायाचित्रे मिळाली.

यात माझा आक्षेप फवाऱ्यांना नाही. बांधकामाची धूळ खरी आहे आणि ती आवरलीच पाहिजे. सगळ्यांत आधी तिथेच राबणाऱ्या, तिथेच झोपणाऱ्या मजुरांच्या पोरांसाठी. प्रश्न तराजूचा आहे. जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला, सुरुवातीला १०२ शहरे होती, पुढे १३१ झाली. धूळ २० ते ३० टक्क्यांनी घटवायची, नंतर ४० टक्क्यांपर्यंत, असे उद्दिष्ट ठरले आणि शहरांना पैसे मिळाले. पण शहरांचे यश प्रामुख्याने मोजले गेले ते पीएम १० वर. आता एखाद्या आयुक्ताच्या जागी स्वतःला ठेवा. पीएम १० च्या वजनात माती भारी असते. रस्ता ओला केला की आकडा उतरतो, आणि पैसा खर्च झालेलाही दिसतो. डिझेलचे जुने ट्रक, रात्री पेटणारा कचरा, कोळसा, भट्ट्या यांना हात घालायचा तर भांडणे ओढवतात आणि पीएम १० चा आकडा फारसा हलत नाही. मग शहाणा आयुक्त काय करील? मापच त्याला टँकरकडे नेते.

बारीक कणांचा माग काढायला गेले की मुंबईच्या पावापाशी येऊन पोचायला होते. लाकडावर, त्यातही जुन्या फर्निचरच्या रंगीत-रोगणी भंगार लाकडावर चालणाऱ्या बेकरीच्या भट्टीतून जो धूर निघतो तो वजनाला हलका आणि छातीला जड. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्या आणि तंदूर यांना स्वच्छ इंधनाकडे वळायला सहा महिन्यांची मुदत दिली. बेकरीवाल्यांची बाजू ऐकण्याजोगी होती. नवी भट्टी महाग, गॅसची वाहिनी गल्लीत आलेली नाही, पाव महागला तर वडापाव खाऊन दिवस काढणाऱ्याने काय करायचे? मात्र पहाटे तीन वाजता त्या भट्टीसमोर उभ्या असलेल्या कामगाराच्या नाकाशी आणि वरच्या माळ्यावर झोपलेल्या कुटुंबाच्या खिडकीशी किती धूळ असते, हे जवळच्या केंद्राच्या आकड्यात येत नाही. तो आकडा आजूबाजूच्या चार लाखांचा असतो.

माणसाच्या नाकाशी मोजण्याची युक्ती नवी नाही. अमेरिकन संशोधक कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातमधल्या चार खेड्यांत चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर लहान पंप अडकवले. स्वयंपाकाच्या वेळी त्यांच्या श्वासातली धूळ घनमीटरला सुमारे सात मिलिग्रॅम, म्हणजे सात हजार मायक्रोग्रॅम निघाली. जगातल्या कुठल्याही बदनाम शहराच्या गच्चीवर असा आकडा क्वचितच मिळाला असता. तोवर प्रदूषण म्हणजे शहरातली, उघड्यावरची गोष्ट मानली जात होती, कारण यंत्रे शहरात आणि उघड्यावर होती.

आज ती युक्ती स्वस्त झाली आहे. मुठीत मावणारी, धुळीवर प्रकाश पाडून कण मोजणारी यंत्रे काही हजारांत मिळतात. २०२०-२१ मध्ये महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि आयआयटी कानपूर यांनी मुंबईतल्या अधिकृत केंद्रांशेजारी अशी यंत्रे काही महिने लावून पाहिली. नीट जुळवून घेतल्यास ती कामाची ठरतात असे दिसले. ‘नीट जुळवून’ हे शब्द महत्त्वाचे. दमट हवेत कण पाणी पिऊन फुगतात आणि या यंत्राला तेच कण मोठे वाटतात. मुंबईच्या हवेत दमटपणाला तोटा नाही. म्हणून स्वस्त यंत्रालाही अधूनमधून त्या जुन्या, कागद तोलणाऱ्या यंत्राशेजारी बसवून त्याचे कान पिळावे लागतात. गच्ची चढणाऱ्या माणसाची नोकरी अजून शाबूत आहे.

जिथे भट्टी अजून लाकडावर आहे अशा एखाद्या गल्लीत असे यंत्र आज महिनाभर ठेवले, आणि गॅस आल्यावर पुढच्या वर्षी त्याच महिन्यात पुन्हा ठेवले, तर न्यायालयाच्या आदेशाने त्या गल्लीच्या श्वासात किती फरक पडला ते सांगता येईल. आधीचे मोजले नाही तर नंतरच्या आकड्याला अर्थ नाही. खर्च एका बऱ्या मोबाइलपेक्षा कमी आहे. बाकी हवा तो समोरच्या बाजूला पहिल्या मजल्यावर राहणारा कोणीतरी, जो खिडकीत यंत्र टांगू देईल आणि महिनाभर त्याचा प्लग काढणार नाही.